मोळी उचलते कोण?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो आणि पाठोपाठ गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ होतो. प्रमुख पाहुणे, संचालक मंडळ, ज्येष्ठ सभासद असे दहा-बारा हात एका मोळीला लागतात. नारळ फुटतो, फोटो निघतो आणि गळीत हंगाम सुरू होतो. एका मोळीला दहा-बारा हात! फडात मात्र तशीच मोळी एकटा गडी खांद्यावर, नाहीतर एकटी बाई डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. पुढे चार-पाच महिने रोज हेच चालते.

सभासद बंधू-भगिनींनो, या पत्रिकेत आपण बेण्याविषयी, खताच्या मात्रेविषयी, खोडव्याविषयी वाचतो. मिलच्या रोलरची आणि टर्बाईनची माहितीही अधूनमधून येते. आज एका वेगळ्या यंत्राविषयी लिहायचे आहे. ते म्हणजे माणसाचे अंग. हंगाम निम्मा सरला की 'कंबर धरली', 'गुडघे बोलायला लागले', 'खांदा वर जाईना' अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. तोडणी कामगार बोलत नाही इतकेच, दुखणे त्यालाही असते. आपण वयाला बोल लावतो आणि मोकळे होतो. वयाचा भाग असतोच. पण त्याच्या आधी एक हिशेब असतो, आणि तो काट्यावरच्या वजनाइतकाच रोखठोक असतो.

आधी स्नायूचे काम समजून घेऊ. आपल्या अंगात २०६ हाडे आणि सहाशेच्या वर स्नायू आहेत. या सगळ्या स्नायूंना एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे आखडणे. आखडला की तो हाडाला आपल्याकडे ओढतो. ढकलणे त्याला येत नाही. दोरीने बैल ओढता येतो, दोरीने बैल ढकलता येत नाही, तसेच हे. तुम्ही चिखलात रुतलेली गाडी ढकलता तेव्हासुद्धा आत दंडाचा, मांडीचा स्नायू कुठले तरी हाड ओढतच असतो.

मग हात वाकतो तसा सरळ कसा होतो? इथे बैलाचा कासरा आठवावा. बैल डावीकडे वळवायचा तर डावा कासरा ओढायचा आणि उजवा ढिला सोडायचा. दोन्ही एकदम ओढले तर बैल जागेवर थांबतो. स्नायूंच्याही अशाच जोड्या आहेत. डाव्या हाताने उजवा दंड धरा आणि कोपर वाकवा. पुढच्या बाजूला बेटकुळी येईल. आता त्याच हाताने मांडी जोरात दाबा, म्हणजे बेटकुळी मऊ पडेल आणि दंडाची मागची बाजू टणक लागेल. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. आणि दोन्ही एकदम ताणले तर सांधा जागेवर घट्ट होतो. ओझे घेऊन ओल्या सरीतून चालताना गुडघा आणि घोटा असाच घट्ट धरून ठेवावा लागतो. म्हणून नुसते चालणेही त्या वेळी दमवते.

स्नायू आखडतो म्हणजे आत काय होते, हे कळायला १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हक्सले आडनावाच्या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या साथीदारांबरोबर, पण एकमेकांपासून वेगळे काम करून, एकच उत्तर 'नेचर' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दिले. गंमत म्हणजे ते एकमेकांचे नातलग नव्हते. त्यांनी दाखवले की स्नायूच्या आत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू असतात. तंतू स्वतः लहान होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात. आपण विहिरीतून पोहरा ओढताना एकामागून एक हात टाकून दोर घेतो ना, तसे जाड तंतूंचे बारीक बारीक हात बारीक तंतूला ओढून घेतात. अशा कोट्यवधी हातांची एकजूट म्हणजे बेटकुळी.

आता सांधे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांची संख्या २१० दिली आहे आणि त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक 'कोर', म्हणजे बिजागरीसारखा. कोपर, गुडघा, बोटे त्यात येतात. दुसरा 'उलूखल', म्हणजे आपले उखळ. खांदा आणि खुबा त्यात येतात. आजच्या शाळेच्या पुस्तकातही बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा हीच नावे आहेत. एवढ्या जुन्या काळी बारकाईने पाहिले होते, हे आपण विसरू नये. (मात्र एक ध्यानात ठेवावे, सुश्रुत ज्याला 'पेशी' म्हणतो त्याला आज आपण स्नायू म्हणतो, आणि त्याचा 'स्नायू' म्हणजे साधारणपणे हाडे बांधणारा दोर.)

दोन उखळींत फरक आहे. खुब्याची उखळ खोल, म्हणून तो सांधा भक्कम. खांद्याची उखळ बशीसारखी उथळ, म्हणून हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच खांदा लवकर निखळतो, लवकर धरतो. तिथे हाडापेक्षा भोवतालच्या स्नायूंवरच भिस्त आहे. गुडघ्याची वाटीही उगाच नाही. जुन्या मंडळींना मोट आठवत असेल. नाडा चाकावरून जायचा म्हणून बैलाची ओढ कामी यायची. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी गुडघ्यावरून जाते, तिला वाटी सांध्यापासून थोडी दूर उचलून धरते. त्यामुळे त्याच ताकदीत पाय जास्त जोराने सरळ होतो. उकिडवे बसून उठताना या वाटीवर आणि तिच्यामागच्या गादीवर मोठा दाब येतो, ते गुडघे दुखणाऱ्याला सांगायला नको.

सांध्यात हाडावर हाड घासत नाही. हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखे चिकट वंगण असते. बर्फावर बर्फ घसरतो त्याहून ही घसरण चांगली. पण आपल्या मिलच्या बेअरिंगमध्ये आणि या बेअरिंगमध्ये मोठा फरक आहे. कूर्चेला रक्तवाहिनी नाही. सांध्यावर भार आला की ती स्पंजासारखी दबते, भार गेला की भोवतालचा द्रव शोषून घेते. तेच तिचे अन्न. म्हणून सांधा अजिबात न हलवणे वाईट. उलट वर्षानुवर्षे जड ओझ्याखाली दाबणेही वाईट. ब्रिटनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा वर्षांहून अधिक काळ शेतीत काम केलेल्या पुरुषांमध्ये खुबा झिजण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आढळले. कारखान्याला ऑफ सीझन असतो, त्यात रोलर उतरवून नवे बसवता येतात. झिजलेली कूर्चा मात्र पहिल्यासारखी भरून येत नाही.

आता मूळ हिशेबाकडे येऊ.

शेतातला धोंडा काढायचा तर आपण पहारीचे आखूड टोक धोंड्याखाली घालतो आणि लांब दांडा हातात धरतो. थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो. आपल्या शरीराने मात्र हा व्यवहार उलटा केला आहे. कोपर हा टेकू धरला तर बेटकुळीची दोरी कोपरापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर हाडाला बांधलेली आहे, आणि ओझे आहे ३५ सेंटिमीटरवर, तळहातात. स्नायूच्या वाट्याला आखूड टोक आले, ओझ्याच्या वाट्याला लांब. म्हणजे हातात १० किलोची बादली धरून कोपर काटकोनात ठेवले तर स्नायूला ७० किलोची ओढ लावावी लागते. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही.

हे पहिल्यांदा नीट मांडले ते इटलीतल्या बोरेल्ली या गणितज्ञाने. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये निघाले. तोवर लोकांची समजूत अशी होती की स्नायू थोड्या जोरात मोठे ओझे उचलतात. बोरेल्लीने तरफेचे गणित मांडून दाखवले की नेमके उलटे आहे, ओझ्याच्या कितीतरी पट जोर स्नायूला लावावा लागतो.

असा तोट्याचा सौदा निसर्गाने का केला? वेगासाठी. स्नायू चार बोटे आखडला की पंजा हातभर वर येतो. कोयता सपकन बसतो तो यामुळेच. जोर जास्त लागला तरी चालेल, पण हात चपळ हवा, असा हा बेत आहे. फळे तोडणाऱ्या, धोंडा फेकणाऱ्या प्राण्याला तो फायद्याचाच होता. दिवसभर मोळ्या उचलण्यासाठी मात्र हे अंग घडवलेले नाही.

हेच गणित कमरेला लावून पाहा. कण्याच्या मागे पाठीचे स्नायू आहेत, ते मणक्यांमधल्या गादीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतात. साठ किलोचा माणूस वाकला की कमरेच्या वरचे त्याचे अंग, समजा ३५ किलो, पुढे २५ सेंटिमीटरवर लोंबते. हातातली ३० किलोची मोळी ४५ सेंटिमीटरवर. ३५ गुणिले २५ म्हणजे ८७५. ३० गुणिले ४५ म्हणजे १३५०. बेरीज २२२५, तिला ५ ने भागले की ४४५. मोळी तीस किलोची, पण कमरेच्या स्नायूंना ओढ लावावी लागली ४४५ किलोची! आणि ती सगळी ओढ कंबरेच्या त्या गादीला दाबते. आता तीच मोळी अंगालगत, २५ सेंटिमीटरवर घेतली आणि धड थोडे सरळ ठेवून त्याचे अंतर १५ वर आणले, तर हाच आकडा २५५ येतो. हिशेब ढोबळ आहे, पण फरक ढोबळ नाही. मोळीतला एकही ऊस कमी न करता जवळजवळ दोनशे किलोचा दाब वाचला.

हे नुसते कागदी गणित नव्हे. स्वीडनमध्ये नाखेमसन नावाच्या अस्थिशल्यविशारदाने १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला. सरळ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर दाब वाढला, आणि वाकून हातात वजन घेतल्यावर फारच वाढला.

'गुडघे वाकवून ओझे उचला' असे सगळेच सांगतात. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. लांब आडवी मोळी गुडघ्यांच्या पुढे राहिली तर गुडघे वाकवूनही ती अंगापासून दूरच राहते, आणि वर गुडघ्यांचीही खराबी होते. खरा मुद्दा अंतराचा. ओझे अंगाला चिकटून असले पाहिजे. दुसरा मुद्दा पिळाचा. वाकलेल्या स्थितीत मोळी घेऊन कमरेतून वळू नये, पाय उचलून सगळे अंग वळवावे. गादीच्या कडेची वर्तुळे वाकणे, पिळणे आणि भार या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की चिरतात. पायात मुंग्या, मांडीमागून पोटरीपर्यंत कळ, हे त्याचेच पुढचे पाऊल.

इथे तोडणीच्या कामातली एक खोच सांगितली पाहिजे. ऊस जमिनीलगत तोडायचा, बुडखा राहू द्यायचा नाही, हा आपलाच आग्रह असतो. तो बरोबरही आहे, कारण साखर बुडख्यातच जास्त. पण त्यासाठी तोडणारा तासन् तास कमरेतून पूर्ण वाकून राहतो. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू चक्क काम सोडून देतात. इंग्लंडात फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतील विजेच्या खुणा मोजून हे दाखवले. मग धड धरून कोण ठेवते? मणके बांधणारे अस्थिबंध. ते दोर असे ताणून ताणून सैल पडतात आणि लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा सैल कमरेने माणूस उठतो आणि लागलीच मोळी उचलायला जातो. नेमका तोच क्षण धोक्याचा. 'मोळी उचलली आणि चमक भरली' असे म्हणतो आपण, पण चमकेची तयारी आधीच्या दोन तासांत झालेली असते. तोडणी आणि भरणी यांच्यामध्ये दोन-चार मिनिटे सरळ उभे राहणे, कमरेवर हात ठेवून किंचित मागे वाकणे, पाणी पिणे, एवढ्यानेही फरक पडतो. याला कामचुकारपणा म्हणू नये.

दुसरी खोच पहाटेची. रात्रभर आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर उंच असतो म्हणा ना! दिवसभरात ही उंची जाते, आणि त्यातला मोठा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच. फुगलेली गादी ताठ असते, वाकल्यावर तिच्यावर जास्त ताण येतो. म्हणून उठल्या उठल्या खाली वाकून जड उचलणे टाळावे. तोडणीवाले तर चारला उठून थंडीत फडात उतरतात. आपणही पहाटे गोठ्यात शेणाची पाटी उचलतोच. पहिला तास उभ्याने करायच्या कामांना द्यावा, वाकायची कामे नंतर.

डोक्यावरच्या ओझ्याचे काय? इथे पुन्हा अंतराचाच नियम. डोक्यावरची मोळी कण्याच्या रेषेत येते, पुढे लोंबत नाही. १९८६ साली केनियातील लुओ स्त्रियांची मोजणी झाली तेव्हा असे दिसले की शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचे ओझे त्या डोक्यावरून नेतात तेव्हा नुसते चालण्यापेक्षा त्यांची जास्त शक्ती खर्च होत नाही. शास्त्रज्ञही चकित झाले. पण पाचवा हिस्सा म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दहा किलो. आपली मोळी त्याच्या कितीतरी वर. आणि मुख्य अडचण मोळी नेण्याची नसून ती जमिनीवरून डोक्यापर्यंत नेण्याची आहे. तिथे दुसऱ्याने हात लावलाच पाहिजे. एकटीने मोळी चढवायची वेळ कोणावर आणू नये.

हाताच्या पकडीचे एक गमतीचे. बोटे वळवणारे मोठे स्नायू बोटांत नाहीत, ते कोपराखाली पुढच्या हातात आहेत, लांब दोऱ्यांनी बोटांना बांधलेले. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा. वळत नाही. मनगट किंचित मागे नेले की मूठ घट्ट बसते. म्हणून कोयत्याची मूठ अशी हवी की घाव घालताना मनगट आत दुमडणार नाही. कोयता बोथट असेल तर प्रत्येक घावाला पकड जास्त आवळावी लागते आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला ठणका लागतो. कानस मारण्यात गेलेला वेळ फुकट जात नाही.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे 'अंग आंबते'. शब्द मोठा नामी आहे. शास्त्रज्ञसुद्धा बराच काळ स्नायूत साठलेल्या आम्लालाच दोष देत होते. पण ते आम्ल तास-दोन तासांत निघून जाते, आणि अंग तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखते. खरे कारण बारीक तंतूंची मोडतोड, आणि ती विशेष करून स्नायू ताणला जात असताना जोर लावला की होते. ओझे हळू खाली ठेवताना, उतारावरून उतरताना असेच होते. ही मोडतोड भरून येते, तंतू पूर्वीपेक्षा चिवट होतात. म्हणून पहिले आठ दिवस थोड्या कमी ओझ्याचे असावेत. तिसऱ्या दिवशी दुखते म्हणून इंजेक्शन घेऊन दुप्पट काम करणारा माणूस पुढे हंगामभर कण्हतो.

आता ओझे किती असावे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सूत्र दिले त्यात २३ किलो हा वरचा आकडा आहे, तोही ओझे अंगालगत, कमरेच्या उंचीवर, न वळता आणि क्वचितच उचलायचे असेल तर. फडात यातली एकही अट पाळली जात नाही.

कोणी म्हणेल, मग मोळी लहान बांधा म्हणावे. पण तोडणीचा दर टनावर असतो. मोळी लहान केली की खेपा वाढतात, वाहन भरायला उशीर होतो, मुकादम ओरडतो, काट्यावर नंबर मागे जातो. म्हणून तोडणारा स्वतःच मोठी मोळी बांधतो. त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. मात्र फडाचा मालक या नात्याने आपल्या हातात काही गोष्टी आहेत. वाहन फडाच्या शक्य तितके जवळ येईल असा रस्ता हंगामाआधी करून ठेवावा. तोडणीच्या आधी पाणी वेळेवर तोडावे, म्हणजे सरीत पाय रुतत नाहीत, घोटा मुरगळत नाही. भरणीची वाट पाचटातून मोकळी ठेवावी.

आणि फळी. ट्रॉलीची उंची दीड मीटर धरली आणि फळी तीन मीटरची लावली तर दोन पावलांमागे एक पाऊल चढ पडतो. तीच फळी साडेचार मीटरची असली तर तीन पावलांमागे एक. मोळी तेवढीच, पण चढताना पुढे झुकावे लागते ते कमी, म्हणजे कमरेचे अंतर कमी, गुडघ्याच्या वाटीवरचा दाबही कमी. लांब फळी जाड हवी, मध्ये लवता कामा नये. तिच्यावर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकून घ्याव्यात, कारण पहाटे दव पडलेले असते.